डुपेजकाठच्या शालिनीताई

फोन आला तेव्हा गाडी नेमकी पुलावर होती. रूट फिफ्टी-नाइनच्या स्टेशनवरून शिकागोला जाणारी सकाळची ट्रेन नेपरव्हिल यायच्या जरा आधी डुपेज नदी ओलांडते. पूल इतका लहान की मोबाइलमध्ये डोकं असेल तर नदी येऊन गेलेली कळतही नाही. फेब्रुवारी होता, दोन्ही काठांना बर्फ धरलेला, मधोमध काळ्या पाण्याची एक रेघ तेवढी वाहत होती. पलीकडून निखिल बोलत होता. शालिनीताईंचा मुलगा, राहतो सिएटलला, पण डिसेंबरपासून आईजवळच होता. "मावशी..." म्हणाला. मग इंग्रजीत, "आई इज गॉन." पहाटे, झोपेतच. त्रास झाला नाही म्हणाला. मी पुढच्या स्टेशनवर उतरले. ऑफिसला मेसेज करायचंही सुचलं नाही. उतरून चालत नदीवर गेले, कारण शालिनीताई गेल्याचं कळल्यावर कुठं जायचं हे दुसरं काही डोक्यात येईना. त्यांचं घर नंतर आठवलं.

शालिनी खोब्रागडे हे नाव मराठी वाचकांना माहीत असण्याचं काही कारण नाही. भंडारा जिल्ह्यातल्या पवनीजवळच्या एका खेड्यात त्यांचा जन्म झाला. नागपूरला सिव्हिल इंजिनियर झाल्या, लग्न होऊन सुधाकररावांबरोबर अमेरिकेत आल्या आणि पुढची सगळी नोकरी इथल्या काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, पाणी-विभागात केली. पावसाचं पाणी कुठं पडतं, कुठून जातं, कुठं तुंबतं, हे बघण्याची नोकरी. पहिली काही वर्षं त्यांना फक्त नकाशे काढायला बसवलं होतं. "माझं इंग्लिश ऐकून त्यांना वाटायचं, हिला टेबलावरच ठेवा," त्या हसत सांगायच्या. नकाशे काढता काढता डुपेजचं प्रत्येक वळण त्यांच्या हाताखालून गेलं, आणि मग साइटवर कुणाला काही अडलं की लोक टेबलाशी येऊ लागले. सुधाकरराव अकाली गेले, निखिल शिकून दूर गेला, रिटायरमेंट आली. नदीचं काम मात्र राहिलं. त्याला रिटायरमेंट नव्हती.

माझी त्यांची ओळख झाली ती माझ्या तोंडाळपणामुळे. आम्ही पुण्याहून नवीन नवीन आलो होतो. रविवारी नेपरव्हिलच्या रिव्हरवॉकवर फिरायला गेलो, आणि कठड्यावरून खाली बघत मी नवऱ्याला म्हटलं, "याला नदी म्हणतात? आपल्याकडे याला ओढा म्हणतात." मागून आवाज आला, "काहून? ओढ्याची मुलगी मोठी होत नाही का?" वळून बघते तर सहावारी साडीवर जाड जॅकेट, डोक्याला लोकरीची टोपी, हातात एक प्लास्टिकची बादली. बादलीत पाणी होतं आणि पाण्यात दगडाखालचे बारीक किडे. त्यांनी मला ते किडे दाखवले. अमुक किडा सापडला म्हणजे पाणी बरं आहे, तमुकच सापडला म्हणजे आजारी. मी 'ओढा' म्हटलं याचा राग होता की नाही ते कळलं नाही, पण पुढच्या शनिवारी सकाळी मी बूट घालून त्यांच्या गाडीत बसलेली होते, एवढं खरं.

त्या शनिवारी त्यांनी मला नदी दाखवायच्या आधी एक पार्किंग लॉट दाखवला. नेपरव्हिलहून पूर्वेला, शिकागोच्या अगदी जवळच्या एका उपनगरात. भोवती सपाट रस्ते, दुकानं, एक पेट्रोल पंप. "काय दिसतं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, काही नाही. "तुला चढ लागला का आता येताना?" नाही. "लागत नाही. पण तो आहे. इथं पडलेला पाऊस त्या बाजूला घरंगळला तर लेक मिशिगन, तिथून पुढे अटलांटिक महासागर. या बाजूला आला तर डेस प्लेन्स नदी. आपली डुपेज खाली जाऊन तिलाच मिळते. मग इलिनॉय, मग मिसिसिपी, मग थेट मेक्सिकोचं आखात. घराचं छप्पर बघितलंस ना, त्याचा कणा असतो तसा हा कणा आहे. फक्त एवढासा, की माणसाला कळत नाही. पाण्याला कळतं." शिकागोवाल्यांनी पुढे कालवा खणून आपली नदीच उलटी फिरवली आणि हा हिशेब बिघडवला, हेही सांगितलं. पण सांगताना त्यांच्या आवाजात शिकागोवाल्यांबद्दल थोडं कौतुकही होतं... इंजिनियरच त्या.

मग नदी. दोन फांद्या आहेत तिला. पश्चिमेची फांदी उत्तरेच्या उपनगरांतून, गोल्फच्या मैदानांतून, शाळांच्या मागून वाट काढत नेपरव्हिलला येते. पूर्वेची वेगळी येते. गावाच्या दक्षिणेला दोघी भेटतात. कुठल्याही उन्हाळ्यात बऱ्याच ठिकाणी गुडघ्याएवढं पाणी. ही सगळी जमीन एके काळी बर्फाखाली होती, बर्फ मागे सरकताना मातीचे लांबलचक उंचवटे ठेवून गेला, आणि त्या उंचवट्यांच्या मधल्या घळीतून वितळलेलं पाणी वाट शोधत निघालं. तीच ही. काठावर पोटावाटोमी या इथल्या मूळच्या लोकांची वस्ती होती. मग नदीला ज्याचं नाव पडलं तो फ्रेंच व्यापारी, मग पूर्वेकडून आलेले शेतकरी, मग त्यांच्या लाकडाच्या आणि पिठाच्या गिरण्या, चुनखडीच्या खाणी. शाळेच्या मुलांना नदी दाखवायला त्या जात. तेव्हा एखादी शिक्षिका "पहिले सेटलर आले..." अशी सुरुवात करून देऊ लागली की शालिनीताई शांतपणे हात वर करायच्या. "त्याच्या आधी जे होते त्यांच्यापासून सांगू या का? करार करून त्यांना मिसिसिपीच्या पलीकडे पाठवलं. नदी इथंच राहिली, माणसं गेली." एवढंच. मग पुढे.

आता जे सांगायचं आहे ते एका बंधाऱ्याचं. नेपरव्हिलच्या उत्तरेला नदीवर एक लहानसं गाव आहे. गावाचं नाव लिहीत नाही, कारण तिथली माणसं अजून तिथंच आहेत आणि काहींना अजून बोचतं. तिथं जुन्या काळी पिठाची गिरणी होती. गिरणी कधीच गेली, पण तिच्यासाठी घातलेला बंधारा राहिला. पुढे कुणीतरी तो काँक्रीटमध्ये पक्का केला. उंची माणसाच्या छातीएवढी. त्याच्या मागे पाणी अडून एक रुंद, शांत तळं झालेलं. काठावर घरं, घरांना लाकडी धक्के, बदकं, हिवाळ्यात स्केटिंग. कॅलेंडरवर छापावं असं दिसायचं. शालिनीताईंना मात्र तिथं गेलं की अस्वस्थ व्हायचं. उन्हाळ्यात तळ्यावर हिरवी साय धरायची, तळाला नुसता गाळ, पाण्यात प्राणवायू नाही. बंधाऱ्याच्या खाली जेवढ्या जातींचे मासे सापडत त्यातले कितीतरी वर सापडतच नसत, कारण त्यांना चढता येत नव्हतं. नदीला मध्येच दार लावून घेतल्यासारखं. बंधारा काढावा असं काउंटीच्या मनात आलं तेव्हा शालिनीताई रिटायर झाल्या होत्या, पण नदीची काळजी घेणाऱ्या स्वयंसेवकांच्या वतीनं त्याची बाजू मांडायला उभ्या राहिल्या.

आणि समोर उभा राहिला वॉल्टर.

वॉल्टर हा त्यांचा जुना मित्र. हायस्कूलमध्ये सुतारकाम शिकवून रिटायर झालेला, उंच, थोडा वाकलेला, बोलायला कमी. वयाच्या पन्नाशीत शालिनीताईंना कनू, म्हणजे लांबट हलकी होडी, वल्हवायला शिकवलं ते त्यानं. वैनगंगेकाठी वाढलेली ही बाई पोहायला शिकलेलीच नव्हती. लाइफ जॅकेट घालून, साडी घरी ठेवून, सुधाकररावांची पॅंट घालून त्या त्याच्या कनूत बसल्या आणि पहिल्याच दिवशी दोघं पाण्यात पडले. ही गोष्ट दोघंही सांगायचे, फक्त कुणामुळे पडले यावर त्यांचं एकमत नव्हतं. दर वर्षी नदी-सफाईला दोघं एकाच बोटीत असत. वॉल्टरचं घर त्या तळ्याच्या काठावर होतं.

गावाच्या हॉलमध्ये सभा झाली तेव्हा मी गेले होते. शालिनीताईंनी स्लाइड्स दाखवल्या. मासे, गाळ, पाण्याचे नमुने. त्या चांगलं बोलल्या, मुद्देसूद, जरा कडकच. मागून एक माणूस उठून म्हणाला, "मॅडम, आधी तुमच्या देशातल्या नद्या साफ करा." शालिनीताईंनी चष्मा काढून पुसला. "करायच्याच आहेत," त्या म्हणाल्या, "पण आजच्या अजेंड्यावर ही आहे." लोक हसले, तो माणूसही ओशाळं हसला. मग वॉल्टर उठला. त्याच्या हातात कागद नव्हता. तो म्हणाला की माझी बायको जीन आणि मी या तळ्यावर स्केटिंग करताना भेटलो. ती पडली, मी उचललं. पुढे याच काठावर घर घेतलं. ती गेल्यापासून मी रोज सकाळी कॉफी घेऊन खिडकीत बसतो, आणि तुम्हाला वाटतं मी पाणी बघतो. "तुम्ही मला तिच्या जागी चिखल देणार आहात, शालिनी." त्यांचं नाव तो 'शॉलीनी' असं म्हणायचा. त्यावर शालिनीताईंकडे स्लाइड नव्हती. त्या खाली बसल्या.

निर्णय बंधारा काढण्याच्या बाजूनं लागला. सभेनंतर पार्किंगमध्ये त्या वॉल्टरकडे गेल्या तर त्यानं गाडीचं दार लावून घेतलं. गाडीत माझ्या शेजारी बसल्यावर म्हणाल्या, "जिंकले गं." आणि घर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिल्या.

शरद ऋतूत यंत्रं आली. बंधारा एकदम फोडत नाहीत. आधी एक खाच पाडतात, पाणी हळूहळू उतरू देतात. तळं उतरत गेलं आणि खालून जे वर आलं ते बघवत नव्हतं. काळा, घाणेरडा वास येणारा गाळ, त्यात टायर, एक बुडालेली बोट, काचेच्या बाटल्या, डबक्यांत अडकून तडफडणारे कार्प मासे. लोकांचे लाकडी धक्के चिखलात उघडे उभे. पाणी कुठंतरी मधोमध, ओशाळल्यासारखं, पातळ ओघळ होऊन चाललेलं. गावातल्या फेसबुक ग्रुपवर त्या चिखलाला शालिनीताईंचं नाव दिलं गेलं. मी त्यांना ते दाखवणार नव्हते, पण त्यांनी आधीच वाचलं होतं.

त्या हिवाळ्यानंतर, जमिनीतला बर्फ सुटल्यावर, आम्ही दर शनिवारी तिथं जायला लागलो. गाळावर स्थानिक गवताचं आणि लव्हाळ्याचं बी पेरायचं, रोपं लावायची, उपरं तण उपटायचं. पहिल्या वेळी पेरलेलं सगळं बी मेच्या एका पावसात वाहून गेलं. दुसऱ्यांदा पेरलं तर हंस आणि बदकांनी कोंब खाल्ले. शालिनीताई तेव्हा सत्तरीच्या जवळ होत्या. एका दुपारी गाळात त्यांचा बूट रुतला, पाय बाहेर आला आणि बूट आतच राहिला. मी हसले. त्या हसल्या नाहीत. एका पायावर तशाच उभ्या राहून त्यांनी मला विचारलं, "अनघा, माझं चुकलं का गं?" त्यांना असं विचारताना मी कधी ऐकलं नव्हतं. मी म्हटलं, मला नदीतलं काय कळतं ताई. त्या म्हणाल्या, "नदीचं नाही विचारत."

आणि तशाच, चिखलाच्या पायांनी, त्या वॉल्टरच्या घराकडे निघाल्या. मी रोपांचा ट्रे हातात घेऊन मागोमाग. त्यांनी मागच्या पोर्चचं दार वाजवलं. वॉल्टर आला, पण जाळीचं दार उघडलं नाही. दोघं जाळीच्या दोन बाजूंना. मला वाटलं त्या माफी मागतील, किंवा नदी दोन वर्षांत कशी सुधारेल ते सांगतील. त्यांनी आपल्या मामाच्या गावाचं सांगायला सुरुवात केली.

वैनगंगेवर धरण झालं तेव्हा ते गाव पाण्याखाली गेलं होतं. शालिनीताईंचं लहानपणीच्या सुट्ट्यांचं गाव. आपली वस्ती गावाबाहेर, नदीच्या सगळ्यात जवळ असायची, त्या म्हणाल्या. "पूर आधी आमच्याकडे यायचा. पाणी भरायला मात्र आम्ही शेवटी." म्हणून नदी त्यांना पाठ होती, कुठल्या महिन्यात किती चढते, कुठला दगड बुडाला की भांडीकुंडी उचलायची, हे आजी सांगायची. मामानं त्या गावात पहिलं पक्कं घर बांधलं होतं. वस्तीतलं पहिलं. धरणाचं पाणी चढत आलं तेव्हा मामानं घराचं दार काढून खांद्यावर घेतलं आणि नव्या गावठाणात नेऊन लावलं. पुढे उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं की तो काठावर जाऊन बसायचा. एखाद्या वर्षी देवळाचा कळस दिसायचा, त्याचं घर कधीच दिसलं नाही. शालिनीताई इथून गेल्या तेव्हा मामानं त्यांना तिथं नेलं आणि बोट दाखवलं. नुसतं पाणी. "तू पाण्याची इंजिनियर ना," मामा म्हणाला, "सांग बरं, आपलं घर किती खोल आहे?" त्यांना सांगता आलं असतं. त्यांनी सांगितलं नाही.

"वॉल्टर," त्या जाळीतून म्हणाल्या, "माझी जागा पाण्यात गेली. तुझी चिखलात. ते काय असतं ते मला ठाऊक आहे, आणि ठाऊक असूनही मी उभी राहिले. हे तुला माझ्या तोंडून कळायला पाहिजे होतं."

वॉल्टरनं जाळीवर हात टेकला. मग त्यानं विचारलं, "त्यांनी तुझ्या मामाला विचारलं होतं? अशी सभा घेतली होती?"

"तुला उठून बोलता आलं, वॉल्टर," त्या म्हणाल्या. "मामाला नाही."

तो वळला. आत गेला. आम्ही परत येऊन उरलेली रोपं लावली. शालिनीताईंचा बूट मात्र सापडला नाही तो नाहीच.

दुसऱ्या वर्षी गाळावर हिरवं धरलं. आधी नुसतं तण, मग त्यातून लव्हाळी, मग जांभळ्या फुलांचे तुरे. आणि मधला तो पातळ ओघळ... त्यानं काय केलं ते मी डोळ्यांनी बघितलं म्हणून विश्वास बसतो. वसंतातली एक-दोन मोठी पाणी आली आणि नदीनं मऊ गाळ कापत कापत खाली आपला जुना तळ शोधून काढला. गोटे, वाळू, गोल दगड. गिरणीच्या आधीचा. इतकी वर्षं तो तिथंच होता, गाळाखाली, जसाच्या तसा. शालिनीताई गुडघाभर पाण्यात उभ्या राहून पायानं ते दगड चाचपत होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी पुन्हा कधी बघितलं नाही, निखिलच्या लग्नातसुद्धा नाही.

त्याच उन्हाळ्यात एका रविवारी सकाळी मी त्यांच्याकडे पोहे खात बसले होते, तेव्हा फोन वाजला. त्यांनी स्पीकरवर टाकला, कारण हात कांद्याचे होते. "शॉलीनी," वॉल्टर म्हणाला. सभेनंतरचा त्याचा हा पहिलाच फोन. कसं आहे, काय आहे, काही नाही. "हिला आवाज आहे."

"कुणाला?"

"नदीला. खिडकी उघडी ठेवून झोपलो होतो. दगडांवरून जाताना ती आवाज करते. मी आयुष्यभर इथं राहिलो... मला माहीतच नव्हतं." मग म्हणाला, "जीनलाही माहीत नव्हतं."

शालिनीताईंनी सुरी खाली ठेवली. "येऊ का ऐकायला?" त्यांनी विचारलं. तो म्हणाला, कनू उतरवून ठेवतो.

मला लोक विचारतात की मग सगळं नीट झालं का. गावातली काही माणसं अजून त्यांना नमस्कार करत नव्हती. काही घरांच्या किमती उतरल्या म्हणून कुरकुर राहिली. हिवाळ्यात मुलांना स्केटिंगला दुसरीकडे न्यावं लागतं आणि वॉल्टरच्या खिडकीतून आता जीन पडली होती ती जागा दिसत नाही, तिथं झुडपं आहेत. हे शालिनीताई कधी लपवायच्या नाहीत. शाळेच्या मुलांना नदीचा इतिहास सांगताना त्यात त्यांनी स्केटिंगचं तळंही घातलं, आणि त्यावर प्रेम करणारी माणसंही. वॉल्टर सोबत असेल तर तो भाग त्यालाच सांगायला लावायच्या.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये शालिनीताईंना पोटाचा कॅन्सर निघाला तेव्हा तो पुढे गेलेला होता. डॉक्टरनं सांगितलं ते त्यांनी नकाशा वाचावा तसं ऐकून घेतलं. केमो थोडं केलं, मग नको म्हणाल्या. ऑक्टोबरमध्ये त्यांनी एकच गोष्ट मागितली. जिथं डुपेज संपते ती जागा बघायची. मी ड्राइव्ह केलं, वॉल्टर पुढे बसला, त्या मागे पांघरूण घेऊन. चॅनाहनच्या बाजूला नदी डेस प्लेन्सला मिळते, तिथून थोडं खाली आणखी एक नदी येते आणि मग तिचं नाव इलिनॉय होतं. मिळते म्हणजे काही सोहळा नाही. रुंद, मातकट पाणी, लांबून जाणारा मालाचा तराफा, काठावर मासे धरणारं एक जोडपं. शालिनीताई काच खाली करून बघत राहिल्या. मी म्हटलं, "ताई, आता पुढे हिला डुपेज म्हणत नाहीत." मला वाटतं मी काहीतरी मोठं बोलायचा प्रयत्न करत होते. त्या म्हणाल्या, "नाव नाही गं राहत. पाणी जातं ना. चल, भूक लागली." आणि त्या दिवशी कितीतरी आठवड्यांनी त्यांनी पोटभर खाल्लं, रस्त्यावरच्या एका साध्या डायनरमध्ये, पॅनकेक.

जाताना त्यांनी निखिलला एक सांगून ठेवलं होतं, आणि त्यावरून थोडं कठीण झालं. अस्थी नदीत टाकायच्या नाहीत. ना डुपेजमध्ये, ना वैनगंगेत. "जन्मभर लोकांना सांगितलं नदीत काही टाकू नका. आता मीच?" पवनीहून त्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे निखिलचे मामा, व्हिडिओ कॉलवर रडत होते. ते म्हणत होते, अक्का इतक्या लांब मेली, निदान थोडी राख तरी आपल्या पाण्यात येऊ दे. निखिल आईचं ऐकायचं की मामाचं या पेचात सापडला. त्याचं मराठी अशा वेळी तुटतं. "मामा, शी सेड नो. मी काय करू?" एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. शेवटी मामांनीच विचारलं, "मग कुठं ठेवणार तिला? परक्या मुलखात, कुणाच्या जागेत?" घर तर विकायचं होतं.

वॉल्टर त्या वेळी तिथंच, स्वयंपाकघराच्या दाराशी उभा होता. मराठी त्याला कळत नाही. त्यानं मला विचारलं, काय चाललंय? मी सांगितलं. तो म्हणाला, "माझ्याकडे एक ओकचं झाड आहे."

जमीन गोठलेली होती म्हणून एप्रिलपर्यंत थांबलो. वॉल्टरच्या मागच्या अंगणात, जिथं पूर्वी तळ्याचा काठ होता तिथं, एक जुना बर ओक आहे, खडबडीत सालीचा, फांद्या आडव्या पसरलेला. गिरणीच्या आधीचा असणार असं शालिनीताईंनीच त्याला सांगितलं होतं म्हणे. आम्ही थोडीच माणसं होतो. विहारातले एक उपासक आले होते, त्यांनी त्रिशरण आणि पंचशील म्हटलं, आम्ही मागून म्हटलं. निखिलनं फोन हातात धरला होता, त्यात पवनीचे मामा, मागे त्यांच्या घरातली सगळी, भारतात तेव्हा संध्याकाळ झालेली. खड्डा वॉल्टरनं स्वतः खणला होता. अठ्ठ्याऐंशी वर्षांचा माणूस, कुणाला हात लावू दिला नाही. राख ठेवून झाली, माती लोटली. मामांनी फोनमधून विचारलं, "नदी किती लांब आहे तिथून?"

निखिलनं वॉल्टरला इंग्रजीत विचारलं. वॉल्टरनं हातानं उताराकडे दाखवलं. खाली लव्हाळ्याचे नवे कोंब, त्यापलीकडे पाणी, दगडांवरून आवाज करत चाललेलं. "आज एवढी लांब," तो म्हणाला. मग त्यानं हात उलटा फिरवून ओकच्या बुंध्यावर कमरेच्या उंचीवर ठेवला. तिथं सालीवर चिखलाची एक वाळलेली, करडी रेघ होती. "पण मोठं पाणी आलं की ती इथवर येते. दोन-चार वर्षांतून एकदा तरी."

निखिल त्या रेघेकडे बघत राहिला. आई गेल्यापासून मी त्याला पहिल्यांदा हसताना बघितलं. मग त्यानं फोन तोंडाजवळ नेला आणि स्वच्छ मराठीत, एकही इंग्रजी शब्द न घालता, म्हणाला, "मामा, आईला नदीकडे न्यायची गरज नाही. नदी येते."

फोनवर दिसणारा मामांचा चेहरा खाली झुकला, आणि त्यांनी दोन्ही हात जोडले.